मॅट काढून दाखवा

लाल सॅक दुकानाच्या मधोमध कशाचाही टेकू न घेता उभी होती. रोस्तिकाने ती दारातूनच पाहिली आणि तिथेच थांबली.

"हीच," ती म्हणाली.

"अगं, आत तर ये," नेंदेन म्हणाली. तिच्या हातात चिलोकच्या, म्हणजे पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांच्या, खाऊची पिशवी होती आणि तिखटात बुडवलेला एक गोळा तिच्या गालात होता. "तू नवरा बघायला गेलीस तरी फाटकातूनच पसंत करून येशील."

बांडुंगच्या त्या गल्लीत डोंगरचढाईच्या सामानाची दुकानं एकमेकांना खेटून होती. दोघी सकाळपासून फिरत होत्या. रोस्तिका औषधांच्या दुकानात काम करायची. तिने एक दिवसाची सुट्टी काढली होती आणि त्या सुट्टीत सॅक घेऊनच घरी जायचं, असं ठरवलं होतं. गुरुवार होता. शनिवारी पहाटे त्यांची पाच बायकांची टोळी चिरेमाईचा डोंगर चढायला निघणार होती, तेही लिंगारजातीच्या वाटेने. ही वाट सुरू होते तिथे, चिबुनारला, शेवटचं पाणी. त्यानंतर वर शिखरापर्यंत आणि परत खाली येईपर्यंत थेंब मिळत नाही. जे न्यायचं ते पाठीवर.

आजवर टोळीचं पाणी मिमिन न्यायची. ती वयाने आणि मापानेही सगळ्यांत मोठी. एका बँकेत ती खिडकीमागे बसायची आणि डोंगरावरही तिचं बोलणं 'पुढचे या' अशाच थाटाचं असायचं. सगळ्या तिला तेह म्हणायच्या, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. या वेळी मोठा तंबू मिमिनकडे होता, म्हणून पाणी दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवं होतं. बैठकीत तिने विचारलं आणि सगळ्यांत आधी रोस्तिकाचा हात वर गेला.

 सगळ्या हसल्या. नेंदेनसुद्धा हसली.

हसण्याला कारण होतं. गेल्या वर्षी पापांदायानच्या डोंगरावर रोस्तिकाच्या सॅकचा खांद्याचा पट्टा मुळापासून उसवला. मिमिनने तिचं सगळं सामान स्वतःच्या सॅकवर बांधलं आणि तळापर्यंत नेलं. रोस्तिका मागून चालत होती, हातात फक्त टोपी घेऊन. समोरून येणारे लोक मिमिनकडे कौतुकाने आणि रोस्तिकाकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. तेव्हापासून टोळीत तिचं नाव 'राणीसाहेब' पडलं होतं.

"राणीसाहेब पाणी नेणार असतील तर आनंद आहे," मिमिन बैठकीत म्हणाली होती. "शुक्रवारी संध्याकाळी सॅक घेऊन ये. खरं पाणी भरू. माझ्या घरामागच्या पायऱ्या टाकीपर्यंत चढून दाखव. सॅक टिकली तर पाणी तुझं. नाही टिकली तर तू क्रुपुक घे. ते हलकं असतं."

क्रुपुक म्हणजे तळलेले फुगीर पापड. त्याची अख्खी गोणी लहान मूलही उचलतं. रोस्तिकाला ते शब्द अजून टोचत होते.

"काय बघताय, नेंग?" दुकानदार पुढे आला. उसेप त्याचं नाव. तरुण मुलींना तो नेंग म्हणायचा आणि त्या त्याला कांग, दादा म्हणावं तसं. हातात कॉफीचा पेला, पायात डोंगरावरचे जुने बूट. "लाल ना? बघा कशी उभी आहे. शिपाई. ती पडत नाही, वाकत नाही."

"बघू तर, कांग."

रोस्तिकाने सॅक जमिनीवर आडवी केली. एका पट्ट्यावर स्वतःचा पाय दिला आणि दोन्ही हातांनी सॅक वर ओढली. पट्टा हलला नाही. तिने नेंदेनला पट्ट्यावर उभं राहायला लावलं.

"माझं वजन दुकानात जाहीर करायचं आहे का?" नेंदेन म्हणाली, पण उभी राहिली. पट्टा तरीही शाबूत.

मग चेन. रोस्तिकाने ती पुढे-मागे अनेकदा ओढली, मुद्दाम तिरकी ओढली. कापडावर बाटलीतलं पाणी ओतलं. थेंब मण्यांसारखे घरंगळून खाली गेले. तिने तळ उलटा करून शिवण नखाने खरवडली. उसेप कॉफी पीत हे सगळं बघत होता, जणू त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले आहेत.

"अजून काही? दात मोजायचेत?"

"वजन घालून बघायचं आहे. तुमच्याकडे पाण्याच्या बाटल्या असतील ना?"

बाटल्यांची कमी नव्हती. रोस्तिकाने सॅकचं तोंड उघडलं. आत, कडेकडेने, झोपायची मॅट गोल उभी केलेली होती, पिंपाच्या भिंतीसारखी. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. इथे सगळेच असं भरतात. आधी मॅट सॅकमध्ये सोडायची, ती आतून उलगडून भिंतींना चिकटते, मग मधल्या पोकळीत भांडी, तांदूळ, कपडे, सगळं ठासायचं. सॅक कशी टवटवीत गोल दिसते आणि फोटोत उठून दिसते. पापांदायानलाही रोस्तिकाने असंच भरलं होतं. मिमिनने तिला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ती हीच.

तिने पोकळीत बाटल्या रचल्या, सॅक मांडीवर घेतली आणि पाठीवर टाकली.

दोन पावलं ती मागे गेली. सॅक तिला मागे ओढत होती. पाठीला ती एकाच उभ्या रेषेत टेकत होती आणि दोन्ही बाजूंनी डुलत होती.

"पाठीवर ढोल बांधलाय," ती म्हणाली.

"वरचा पट्टा ओढा," उसेप म्हणाला. त्याने ओढून दिला. कमरेचा आवळला. छातीचा लावला. रोस्तिका दुकानात एक फेरी मारून आली. ढोल ढोलच राहिला.

"सवय होईल," नेंदेन म्हणाली. "लग्नाचंही असंच असतं म्हणतात."

रोस्तिका हसली नाही. तिने सॅक उतरवली, आत हात घातला आणि मॅटच्या कडेवरून बोटं फिरवली. मग सॅकच्या पाठीकडची बाजू बाहेरून दाबली. आतली मॅट तिथेच तिच्या बोटांखाली गोल वळलेली होती. पाठ सपाट होती तिची, आणि सॅक गोल होती. आणि सगळं पाणी त्या गोलाच्या मधे, तिच्या पाठीपासून वीतभर लांब लटकत होतं.

"कांग, मॅट काढून दाखवा."

"मॅट कशाला काढायची? तुम्ही डोंगरावर मॅट नेणारच ना."

"नेणार. पण आत नाही. काढून दाखवा."

उसेपने तिच्याकडे पाहिलं, नेंदेनकडे पाहिलं. मग त्याने कॉफीचा पेला खाली ठेवला, बाटल्या बाहेर काढल्या, मॅट धरून ओढली आणि सॅक पुन्हा जागेवर उभी केली.

शिपाई थोडा वेळ उभा राहिला. मग त्याची मान खाली गेली. मग खांदे. मग कंबरेत घडी पडली आणि लाल सॅक सावकाश, सन्मानाने, उसेपच्या कॉफीवर बसली.

नेंदेनला ठसका लागला. तिच्या डोळ्यांत तिखटाचं पाणी आलं आणि ती स्टुलावर बसून हसत राहिली.

रोस्तिका मात्र दुकानभर नजर फिरवत होती. सकाळपासून ती सॅक बघत नव्हती, सॅकच्या आतली मॅट बघत होती. गल्लीतल्या प्रत्येक दुकानात, प्रत्येक सॅकमध्ये, मॅट.

"ती निळी," ती म्हणाली. "तिचीही काढा."

"नेंग..."

"मीच काढते. तुम्ही कॉफी पुसा."

निळी बसली. काळी एका बाजूला कलली आणि पिवळीला घेऊन पडली. नारिंगी उभी राहील असं वाटलं. नेंदेनने "थांब, थांब, धीर धर!" असं तिला ओरडून सांगितलं, पण तीही गेली. रस्त्यावरून जाणारी दोन कॉलेजची मुलं दारात थांबून बघायला लागली. नेंदेन आता प्रत्येक सॅक पडली की टाळी वाजवत होती.

"माझ्या दुकानात भूकंप आलाय," उसेप म्हणाला, पण तोही हसत होता. "काय करणार? मॅट घातली नाही तर लोक बघतही नाहीत. आता ही सगळी परत उभी कोण करणार?"

"मी करते. ती कोपऱ्यातली कोणती?"

कोपऱ्यात शेवाळाच्या रंगाची एक सॅक होती. तिच्यावर बुटांचे रिकामे खोके ठेवले होते. उसेपने खोके खाली घेतले. सॅकमध्ये मॅट नव्हती, काहीच नव्हतं. पुढची बाजू पोटासारखी आत गेली होती, पण पाठ फळीसारखी ताठ होती. खोक्यांचा भार तीच पेलत होती.

"ती कुणी घेत नाही," उसेप म्हणाला. "रंग असा. खिसे कमी. फोटोत गवतात दिसतही नाही. पण पाठीत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आहेत. मीच हट्टाने आणली होती. दोन वर्षं झाली."

रोस्तिकाने खांद्याच्या पट्ट्यांच्या मुळाशी बघितलं. तिच्या जुन्या सॅकचा पट्टा नुसता शिवणीत खोचून एकदा शिवलेला होता. इथे खाली जाड कापडाचा त्रिकोण लावून, त्याच्यावरून चौकोनात आणि चौकोनाच्या आत फुलीत टाके घातले होते. तिने पाय देऊन ओढलं. नेंदेन न सांगता चढून उभी राहिली. मग तिने बाटल्या थेट पाठीला लावून रचल्या, पुढच्या पोकळीत दुकानातली जाकिटं कोंबली आणि सॅक पाठीवर घेतली.

खांद्यांवर काहीच आलं नाही. वजन खाली सरकलं आणि तिच्या कमरेच्या हाडांवर बसलं, जसं सवयीचं लहान मूल कडेवर बसतं.

"अय्या!" ती म्हणाली.

दुकानात पोटमाळ्यावर जायला लाकडी जिना होता. ती तो चढली. उतरली. पुन्हा चढली. वर जाऊन तिने उडी मारली आणि उसेपने छताकडे काळजीने पाहिलं.

"नेंदेन, ढोल नाही! हलत नाही! ये, हलवून बघ!"

नेंदेनने दोन्ही हातांनी सॅक ढकलली. सॅक आणि रोस्तिका दोघी एकदमच हलल्या.

"चिकटलीय गं तुला," नेंदेन म्हणाली. "पण रंग बेडकाचा आहे."

"बेडकाला पाण्याचं वावडं असतं का?"

थोडी घासाघीस झाली. उसेपने शेवटी हात जोडले आणि एकाच अटीवर भाव उतरवला: सगळ्या मॅट पुन्हा जागेवर घालून जायचं. दोघींनी शिपायांची रांग पुन्हा उभी केली.

शुक्रवारी संध्याकाळी मिमिनच्या घरामागे टोळी जमली होती. गल्लीतल्या पायऱ्या उभ्या चढणीच्या होत्या आणि पार वर, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन थांबत होत्या. शेजारणी उंबऱ्यावर तळलेलं तेंपे, म्हणजे सोयाबीनचे काप, खात बसल्या होत्या. टोळीतल्या बाकीच्या दोघी बाटल्या भरत होत्या.

मिमिनने सॅकभोवती एक फेरी मारली.

"ही कुठे मिळाली? लष्कराच्या भंगारात?"

"आत बघा ना, तेह."

मिमिनने आत पाहिलं. "मॅट कुठे आहे?"

"वर बांधणार, झाकणाखाली. प्लास्टिकमध्ये गुंडाळून."

"आत घाल."

"आत घातली तर पाणी पाठीपासून लांब जातं. म्हणून सॅक मागे ओढते. पापांदायानला माझा पट्टा त्यामुळेच..."

"मी डोंगर चढायला लागले तेव्हा तू शाळेच्या रांगेत उभी होतीस," मिमिन म्हणाली. तिचा आवाज बँकेच्या खिडकीतला झाला होता. "चिरेमाईला मुळांमधून जायचं असतं, खाली वाकून. बाहेरची मॅट अडकते. आतली अडकत नाही. आपल्या टोळीत मॅट आत असते."

  इथे हो म्हटलं तर सॅक ढोल होणार आणि पाणी जाणार. नाही म्हटलं तर कदाचित चढायच्या आधीच पाणी जाणार.

"अडकली तर पुढच्या डोंगरावर मी फक्त क्रुपुक नेईन," ती म्हणाली. "पण आज मॅट बाहेर ठेवूनच चढू द्या."

मिमिनने खांदे उडवले. "चढ."

बाटल्या आत गेल्या, एकेक करून, पाठीला लावून. शेवटची बाटली मिमिनने स्वतः घातली, आणि मग, कुणी सांगितलं नसताना, आणखी एक घातली. रोस्तिका उभी राहिली. वजन कमरेवर बसलं. ती चढायला लागली.

सुरुवातीला तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मग मागून नेंदेनचा आवाज: "राणीसाहेब, रस्ता मोकळा आहे!" एका उंबऱ्यावरची म्हातारी म्हणाली, "गॅसची टाकी नेतेस का गं?" आणि दुसरी म्हणाली, "अगं, फ्रीज आहे तो." रोस्तिकाला हसायचं होतं, पण हसायला हवा उरली नव्हती. मांड्या पेटल्या होत्या. सॅक मात्र गप्प होती. डुलत नव्हती, कुरकुरत नव्हती.

अर्ध्यावर 'टक्' असा आवाज आला.

खालून सगळ्या एकदम "अरे!" म्हणाल्या. रोस्तिका जागीच थांबली. पापांदायानचा तो क्षण तिच्या अंगात परत आला. पट्टा सुटला की खांदा कसा एकदम हलका होतो, तो. तिने वाट पाहिली. खांदे हलके झाले नाहीत. तिने खाली पाहिलं. छातीवरचं छोटं बक्कल फुटून लोंबत होतं.

"तुटली ना?" मिमिनने खालून विचारलं.

"छातीचं बक्कल! त्याच्यावर वजन नसतं!"

तिने दोन्ही अंगठे खांद्याच्या पट्ट्यांत अडकवले, ते आत ओढून धरले आणि पुढची पायरी चढली. मग पुढची. टाकी दिसायला लागली तशी ती जवळजवळ पळालीच. टाकीच्या भिंतीला हात लावून तिने आरोळी ठोकली, आणि उंबऱ्यांवरच्या बायकांनी तिच्यापेक्षा मोठ्याने ठोकली.

मिमिन मागून चढून आली. तिने मोबाइलच्या उजेडात सॅकची एकेक शिवण पाहिली, पट्ट्यांची मुळं पाहिली, तळ पाहिला. फुटलेलं बक्कल बोटांत फिरवलं.

"तुटलं म्हणजे तुटलं."

"ते कुठल्याही दुकानात मिळतं, तेह. नाहीतर दोरी बांधेन. शिवण डोंगरावर मिळत नाही."

 मिमिनने सॅक भरलेलीच उचलली, स्वतःच्या पाठीवर घेतली आणि पट्टे आवळले. टाकीभोवती एक चक्कर मारली. दुसरी मारली. तिसरीला ती थांबेना तेव्हा नेंदेन रोस्तिकाच्या कानात म्हणाली, "गेली तुझी सॅक."

"मी विचार करत होते," मिमिन चालता चालता म्हणाली, "पाणी मीच घेते. या सॅकमधून. तू माझी घे, त्यात तंबू."

"नाही."

मिमिन थांबली. टोळीत तिला कुणी असं एका शब्दात उत्तर देत नसे.

"सॅक माझी आहे," रोस्तिका म्हणाली. तिला अजून धाप लागली होती, पण आवाज ठाम होता. "सॅक पाण्याबरोबर जाणार, आणि पाणी माझ्याबरोबर. तुम्हीच म्हणालात. टिकली तर तुझं."

 मिमिनने सॅक उतरवून तिच्या पायाशी ठेवली. "बक्कल बदलून घे," ती म्हणाली. "पहाटे उशीर करू नकोस."

शनिवारी, चिरेमाईवर, 'सावत्र बाप' नावाच्या चढावर मिमिनचं खरं ठरलं. तो चढ त्याच्या नावासारखाच होता, हातांनी मुळं धरून वर ओढून घ्यायचं. रोस्तिका एका आडव्या मुळाखालून वाकून निघाली आणि मॅट अडकली. तिचे पाय घसरले. सगळं पाणी, सगळी सॅक आणि ती स्वतः, क्षणभर उजव्या खांद्याच्या एका पट्ट्यावर लटकली. वरून मिमिन ओरडली. खाली नेंदेनने तिचे बूट धरले.

टाके टिकले. रोस्तिकाला ते पाठीमागे ताणलेले जाणवत होते, चौकोन आणि त्यातली फुली, आणि ते सुटत नव्हते. तिने पाय रोवला, मॅट सोडवली आणि वर आली. हातांची सालटी निघाली होती. ती हसत होती.

"सांगितलं होतं," मिमिन म्हणाली.

"हो, तेह. मॅट अडकली," रोस्तिका म्हणाली. "पुढच्या डोंगरावर क्रुपुक माझं. मॅट उभी बांधते आता. बाजूला."

मिमिनने तिला बांधायला मदत केली.

दुपार कलताना त्यांनी जरा सपाट जागा पाहून तंबू लावला. खाली चेरिबोनकडचं मैदान आणि त्यापलीकडे समुद्राची रेघ दिसत होती. रोस्तिकाने सॅक झाडाला टेकवली, पट्टे सोडले आणि बाटल्या ओळीने मांडल्या. एकही फुटली नव्हती, एकही गळली नव्हती. चौघी आपापले पेले घेऊन तिच्याभोवती बसल्या, वासरं बसतात तशा. तिने नेंदेनला ओतलं, दोघींना ओतलं. प्रत्येकीला अर्धा पेला.

मिमिनने पेला पुढे केला. तंबू आणून तिचा सदरा पाठीला चिकटला होता. अर्ध्यावर रोस्तिकाने बाटली सरळ केली.

"भर की," मिमिन म्हणाली.

"अर्धाच मिळेल, तेह," रोस्तिका म्हणाली आणि झाकण घट्ट फिरवलं. "उद्या शिखर आहे. पुढचे या."